सावंतवाडीची गंजिफा : एका घराण्याचा हस्तव्यवसाय

बडोद्याच्या ग्रंथालयाच्या शताब्दी-ग्रंथात सावंतवाडीच्या गंजिफेविषयी लेख कशासाठी, असा प्रश्न काही सभासदांच्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर असे की, हा व्यवसाय ज्यांनी पुन्हा उभा केला त्या राजमाता सत्त्वशीलादेवी भोसले या गायकवाड घराण्यातील कन्या, म्हणजे आपल्याच गावच्या माहेरवाशीण होत. दुसरेही एक कारण आहे. वाडवडिलांची कारागिरी मुलानातवंडांनी पुढे चालविली, अशा हकिकती पुष्कळ ऐकावयास मिळतात. येथे मात्र वारसा कारागिराच्या घरातून त्याच्या आश्रयदात्याच्या घरी गेला.

गंजिफा म्हणजे हाताने रंगविलेली, वाटोळी, खेळावयाची पाने. बाबराने इ. स. १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मोगली संच आठ रंगांचा व ९६ पानांचा असे. आपल्याकडे तिने दशावतारी रूप घेतले. दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान व एक्क्यापासून दश्शीपर्यंतची दहा, अशी बारा पाने, एकूण १२०. खेळाडू तिघे, तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला चाळीस पाने येतात! पाच रंगांत राजा-प्रधानांच्या खालोखाल दश्शी मोठी, तर उरलेल्या पाचांत एक्का मोठा. हुकूम नाही, त्यामुळे सारी भिस्त स्मरणशक्तीवर. दिवसा रामाचा राजा ज्याच्या हाती असेल त्याने खेळ सुरू करावयाचा, रात्री कृष्णाचा राजा असणाऱ्याने. खेळता खेळता देवाचे नाव घेण्याची ही युक्ती आपल्या पूर्वजांना शोभणारीच म्हटली पाहिजे.

तेलंगणातून आलेल्या पंडितांमुळे ही कला सावंतवाडीस आली, अशी तेथील परंपरागत समजूत आहे. अठराव्या शतकात दरबाराचा आश्रय मिळाल्यावर चितारी घराण्यांनी ती आपलीशी केली. पान सिद्ध करण्याचे काम चिकाटीचे. कापडाचे अथवा कागदाचे थर चिकटवून, चिंचोक्याची खळ आणि खडूची पूड यांचे लेप देऊन, घोटून पृष्ठभाग गुळगुळीत करावयाचा. त्यावर बारीक कुंचल्याने चित्र काढावयाचे आणि शेवटी लाखेचे रोगण चढवावयाचे. हेच चितारी देव्हारे, पाट, पाळणे रंगवीत आणि लाकडी फळेही करीत. शहरातील चितार आळी आजही त्या फळांसाठी प्रसिद्ध आहे.

मग छापील बावन्न पानांचा स्वस्त जोड आला. १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि दरबारी मागणीही संपली. लाकडी फळांना बाजारात गिऱ्हाईक होते, गंजिफेला नव्हते. अखेर ही विद्या जाणणारे पुंडलिक चितारी हे एकच वृद्ध गृहस्थ उरले.

शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी येथे जे केले ते संस्थानिकांच्या रिवाजातले नव्हते. वर्षासन बांधून देणे सोपे होते. त्याऐवजी ते दोघे स्वतः पुंडलिकरावांचे शिष्य झाले. १९७१ मध्ये ‘सावंतवाडी लॅकरवेअर्स’ हा व्यवसाय सुरू झाला, तरुण कारागिरांना शिक्षण मिळू लागले आणि राजवाड्याच्या दरबार सभागृहात चित्रकाम होऊ लागले. जेथे पूर्वी नजराणे येत तेथे गिऱ्हाइके येऊ लागली. केवळ गंजिफेवर कारखाना चालणे अशक्य, म्हणून त्याच शैलीत पेट्या, तबके, लाकडी सामानही रंगविले गेले; बावन्न पानांचे हस्तचित्रित जोडही निघाले. शुद्धतेचे अभिमानी यावर नाक मुरडतील. परंतु कारागिराला दरमहा हातात पैसे हवे असतात, हे त्या दांपत्याने ओळखले होते. कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन यांच्यासारख्या संग्राहकांनी गंजिफेचा अभ्यास जगापुढे मांडला, त्याचाही लाभ झाला.

एक खंत मात्र नोंदविली पाहिजे. चितारी आपल्या घरी, आपल्या मुलांना शिकवीत असे. आता विद्या एका संस्थेत राहते आणि कारागीर तेथे कामाला येतो. कला वाचली, पण ती पूर्वीच्या रीतीने वाचली नाही. दुसरा मार्ग होता का? मला तरी तो दिसत नाही.

शिवरामराजे १९९५ मध्ये निवर्तले, सत्त्वशीलादेवी २०१८ मध्ये. काम घराण्याच्या पुढील पिढ्यांनी चालू ठेवले.

मी तेथून एक दशावतारी संच आणला. विकत घेणारे बहुतेक जण तो काचेच्या कपाटात ठेवतात, असे ऐकले होते. म्हणून हट्टाने तिघे जमवून डाव मांडला. कोणत्या रंगात दश्शी मोठी आणि कोणत्या रंगात एक्का, यावर वाद होऊन पाऊण तासात तो मोडला. दुपारची वेळ होती, त्यामुळे सुरुवात रामाच्या राजाने झाली, एवढे मात्र बिनचूक घडले.