मामीचं कुवेत

आमच्या घरात कुवेतला कुणी परदेश म्हणत नसे. मुंबईच्या पलीकडचं एक बंदर आणि तिथे आपला थोरला झील, एवढाच आजीच्या लेखी त्याचा भूगोल. आणि तिचं तसं खोटंही नव्हतं. 1961 सालापर्यंत कुवेतात व्यवहार चालायचा तो रुपयांत. खजूर भरलेली अरबी गलबतं मुंबईला नि मलबारला लागत, जाताना लाकूड घेऊन जात, आणि तिथला मोती मुंबईच्या बाजारात विकला जाई. 1959 मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या होत्या. त्यांतली एक आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत होती म्हणतात. मी ती खरंच पाहिली, की ऐकून ऐकून माझ्या डोळ्यांपुढे उभी राहते, ते आता सांगता यायचं नाही.

मामा गेला तेलाचे भाव चढले त्या दिवसांत, मामी मागाहून. दोन वर्षांनी एकदा यायची तेव्हा ट्रंकेतून टँग, खजूर, निडोच्या दुधाचे डबे निघत. ते रिकामे डबे आजीने पुढे कितीतरी वर्षं सोलं ठेवायला वापरले. मामीला विचारलं, "तिथे भीती नाही वाटत?" की ती मासळीबाजाराचं सांगायला लागे. कुवेती लोक जिचं एवढं कौतुक करतात ती झुबैदी म्हणजे आपला सरंगाच. हवल्ली भागात तिची खोली. रात्री अकरा वाजता एकटी बाई खाली उतरून इराणी भट्टीवरून गरम खुबूस घेऊन येई. तळमजल्यावर एक पॅलेस्टिनी कुटुंब होतं. त्या बाईचं इंग्रजी तुटकं, मामीचं अरबी त्याहून तुटकं, पण ताटं वरखाली चालत. मामीच्या हातची सोलकढी त्या घरातला धाकटा मुलगा मागून प्यायचा. इतक्या आपलेपणात माणूस भिणार कुणाला?

जुलै 1990 मध्ये इराकचं सैन्य सीमेवर जमायला लागल्याचं रेडिओवर आलं आणि आजीचं जेवणावरून लक्ष उडालं. तिला कुवेतचा घोर नव्हता, इराकातल्या बसऱ्याचा होता. तिचा एक चुलता पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीतून तिकडे गेला आणि कुतच्या वेढ्यात सापडला. 29 एप्रिल 1916 ला कुत पडलं, त्यानंतर त्याचं पत्र आलं नाही. आजी तेव्हा जेमतेम रांगत असेल, म्हणजे हे सगळं तिच्या आईकडून आलेलं. तरी बातम्यांत बसरा हे नाव आलं की ती हातातलं काम टाकून म्हणायची, "बसऱ्याक गेलेलो माणूस परत येणा नाय." तिच्या हट्टापायी ट्रंक कॉल लावला. मामाचा आवाज खरखरत आला, "आये, हयसर काय्येक नाय. तू उगाच घोर लावून घेव नको."

तो खोटं बोलत नव्हता. दुकानं उघडी होती, पगार झाले होते, आणि अरब मंडळीच म्हणत होती की हा सद्दामचा नुसता दबाव, जेद्दाच्या इराक-कुवेत बोलण्यांत मिटून जाईल. परत या असं सांगणारा कुठलाही इशारा आमच्या माणसांपर्यंत पोचला नव्हता. बोलणी 1 ऑगस्टला फिसकटली आणि 2 तारखेला, गुरुवारी, पहाटे रणगाडे कुवेत शहरात शिरले.

पुढचे आठवडे मामी सांगते एका तऱ्हेने, मामा दुसऱ्या. मामाच्या आठवणीत पैसा आहे: बँका बंद, आणि कुवेती दिनार नि इराकी दिनार सारख्याच मोलाचे ठरवल्यामुळे आयुष्याची पुंजी बघता बघता वितळलेली. मामीच्या आठवणीत तळमजल्यावरची बाई आहे. तिने पिठाची अर्धी गोणी वर पाठवली. सैनिक जिन्यात आले तेव्हा आपण पुढे होऊन त्यांच्याशी बोलली आणि त्यांना तिथूनच परत लावलं. मामा म्हणतो सैनिक एकदाच आले. मामी म्हणते तीनदा. एवढं होऊनही मामाचा निघायचा विचार नव्हता. भारताशी इराकचं वैर नाही, आपल्याला कोण काय करणार, हे त्याचं म्हणणं. भारतीय म्हटल्यावर नाक्यांवर सोडून देत, हेही तो सांगतो.

कुवेतात तेव्हा पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय होते. त्यांना बाहेर काढायचं तर सद्दामशी बोलल्यावाचून गत्यंतर नव्हतं. परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल बगदादला गेले आणि सद्दामने त्यांना मारलेल्या मिठीचं छायाचित्र जगभर गाजलं. इकडे पुष्कळांनी नाकं मुरडली. आमच्या ओटीवरही त्यावरून वाद झाला, तेव्हा आजी म्हणाली, "मिठी मारल्यान तर मारल्यान. माझो झील घराक येतलो मां?" परराष्ट्र धोरणावर आमच्या घरात याहून शहाणं वाक्य कुणी बोललेलं मला आठवत नाही.

शेवटी मामीनेच हट्ट धरला आणि ती दोघं बसने निघाली. पहिला मोठा थांबा बसरा. हे आजीला कुणी सांगितलं नाही. तिथून बगदाद, मग वाळवंट, जॉर्डनच्या सीमेवरचे तंबू, पाण्यासाठी रांगा, वाळकं खुबूस नि टोमॅटो, मग अम्मान. अम्मानहून एअर इंडियाची विमानं. 13 ऑगस्ट ते 11 ऑक्टोबर अशा 59 दिवसांत 488 फेऱ्या झाल्या आणि लाखाहून जास्त माणसं घरी आली. सहारला उतरून दोघं एसटीने कुडाळला पोचली. कोकण रेल्वेचं तेव्हा नुकतं महामंडळ झालं होतं, पुरा मार्ग सुरू व्हायला 1998 उजाडलं. आजीने उकड्या तांदळाची पेज नि भाजलेला सुका बांगडा पुढे ठेवला आणि त्यांचं जेवण होईपर्यंत बसऱ्याचं नाव काढलं नाही.

फेब्रुवारी 1991 च्या अखेरीस कुवेत मोकळं झालं. सहाशेच्या वर तेलविहिरी पेटलेल्या होत्या, त्या विझायला नोव्हेंबर लागला. पुढच्या वर्षी मामा परत गेला. घराचं बांधकाम अर्ध्यावर होतं, इथे नोकरी नव्हती. संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाकडून देश सोडावा लागलेल्यांना ठरीव भरपाई मिळाली, कुटुंबामागे जास्तीत जास्त 8,000 डॉलर, पण त्या पैशाची वाट बघत बसणं परवडणारं नव्हतं. मामीही गेली. तळमजल्यावर दुसरी माणसं राहत होती. पॅलेस्टिनी नेतृत्वाने सद्दामची बाजू घेतली, त्याची शिक्षा कुवेतातल्या साऱ्या पॅलेस्टिनींना झाली. चारेक लाख होते, त्यांतले बहुतेक गेले. मामीला जिन्यात राखणाऱ्या त्या बाईला परत ये म्हणणारं सरकार नव्हतं आणि न्यायला येणारं विमानही नव्हतं. मामीला तिचा पत्ता कधीच मिळाला नाही.

त्यामुळे परदेशी राहणारं आपलं माणूस "इथे सुरक्षित आहे" म्हणतं तेव्हा मी ते हसण्यावारी नेत नाही. गल्लीतली माणसं कशी आहेत ते त्याला दिल्लीतल्या अधिकाऱ्यापेक्षा जास्त कळतं, आणि संकटात गल्लीच आधी धावते. पण गल्लीतून सीमा दिसत नाही. ती सरकारला दिसते, निदान दिसायला हवी.

2022 साली भाचीचा मुलगा युक्रेनमध्ये खार्किवला डॉक्टरी शिकत होता. 15 फेब्रुवारीला आपल्या वकिलातीने सूचना काढली: ज्यांचं राहणं अत्यावश्यक नाही त्यांनी, विशेषतः विद्यार्थ्यांनी, तात्पुरतं निघण्याचा विचार करावा. मामाने त्याच दिवशी फोन केला, "तिकीट काढ." मुलगा म्हणाला मेट्रो चालू आहे, वर्ग चालू आहेत, इथली मुलं निवांत आहेत. बत्तीस वर्षांपूर्वीचं मामाचं वाक्य, अगदी तेच. पण त्याचं हे अर्धंच कारण. हजेरी बुडाली तर वर्ष जाणार, ऑनलाइन शिकलेलं मायदेशी धरतील की नाही कुणी सांगेना, आणि तिकिटाचे दर आभाळाला भिडलेले. 24 तारखेला बाँब पडायला लागले. पुढे ऑपरेशन गंगेत 90 विमानांनी साडेबावीस हजार माणसं आली, त्यांत तो होता. खार्किवलाच खायचं सामान आणायला बाहेर पडलेला कर्नाटकातला एक विद्यार्थी मात्र परत आला नाही. "विचार करावा" एवढं लिहून वकिलातीचं काम संपत नाही, असं मला तेव्हापासून ठाम वाटतं. वर्षाचं काय, कर्जाचं काय, तिकिटाचं काय, हे त्याच कागदावर यायला हवं. 2015 मध्ये येमेनमधून 4,640 भारतीय आणले गेले. तिथल्या परिचारिकांचाही प्रश्न हाच होता: थकलेला पगार सोडून, डोक्यावर कर्ज घेऊन निघायचं कसं?

आणि काही धोक्यांचा इशारा कुणीच काढत नाही. 12 जून 2024 ला कुवेतात मंगफ भागात कामगारांच्या इमारतीला आग लागली आणि चाळिसाच्या वर भारतीय गेले. तेव्हा युद्ध नव्हतं, सीमेवर रणगाडे नव्हते. मामा दिवसभर टीव्हीसमोरून उठला नाही.

आता वाडीतला कुणी मुलगा आखातात निघाला की त्याची आई त्याला मामाकडे आणते. मामा विचारतो, झोपायला कितव्या मजल्यावर, जिना कुठे, गच्चीचं दार उघडं असतं का. पोचल्याबरोबर वकिलातीत नाव नोंदव. परतीच्या तिकिटाचे पैसे तिथेच ठेव, आई रडली तरी घरी पाठवू नको. सूचना आली तर पुढचा पगार होईपर्यंत थांबू नको. मुलगा मान डोलावतो. मग मामी आतून चहा घेऊन येते नि त्याला सांगते, पहिल्याच आठवड्यात खालच्या मजल्यावर जा, कोण राहतं ते विचार आणि काहीतरी गोड घेऊन जा.