उणे ४० अंशांचा ऑगस्ट

गेल्या ऑगस्टमध्ये इथे बहारीनला बाहेर ४५ अंश तापमान होतं, आणि माझ्या जुन्या गाडीचा कॉम्प्युटर म्हणत होता, इंजिन उणे ४० अंशांवर आहे! आठवड्यापूर्वीच सलमाबादच्या एका गॅरेजमध्ये इंजिनच्या पाण्याचं तापमान सांगणारा सेन्सर बदलला होता. तरी पुन्हा पंखा सुसाट, पेट्रोल वारेमाप आणि गरम इंजिन चालू व्हायला कुरकुर. शुक्रवारी घरच्यांना घेऊन २५ किलोमीटरच्या पुलावरून सौदीत जायचं होतं. मी मनातल्या मनात मेकॅनिकचा उद्धार केला आणि या सेन्सरचा इतिहास चाळायला बसलो.

पूर्वी हे काम डोळ्यांचं होतं. आपल्या खंडाळ्याच्या घाटात बॉनेटमधून वाफ आली की गाडी कडेला घ्यायची, इंजिन निवू द्यायचं, पाणी ओतायचं. (घाई करून झाकण उघडणारा आणि हात भाजून घेणारा एक काका प्रत्येक घरात असतोच.) अमेरिकेत हॅरिसन बॉइसला १९१२ साली पेटंट मिळालं ते रेडिएटरच्या झाकणावरच बसवायच्या थर्मामीटरचं. चालकानं काचेतून समोर बघायचं. गंमत म्हणजे तो पाण्याचं नाही, पाण्यावरच्या वाफेचं तापमान दाखवी. पुढे तापमानाचा काटा डॅशबोर्डवर आला.

आजच्या सेन्सरचं मूळ मात्र १८३३ सालचं. सिल्व्हर सल्फाइड तापवलं की त्यातून वीज जास्त सहज वाहते, हे फॅरेडेनं तेव्हा टिपून ठेवलं. धातूंच्या अगदी उलट! त्याचा व्यापारी उपयोग व्हायला सॅम्युअल रूबेनचा १९३० चा थर्मिस्टर यावा लागला. १९६७ मध्ये बॉशची इलेक्ट्रॉनिक इंधन यंत्रणा फोक्सवॅगन १६०० मध्ये बसली आणि इंजिनचं तापमान माणसाऐवजी यंत्र वाचू लागलं. त्या गाडीत पाणीच नव्हतं, इंजिन हवेवर निवायचं, म्हणून सेन्सर सिलिंडर हेडवर होता.

आता माझ्या घोळाकडे येतो. अशा सेन्सरचा रोध २० अंशांना साधारण अडीच हजार ओहम असतो, ८० अंशांना तीनशेच्या आसपास. थंडी वाढेल तसा रोध वाढतो. मग वायर तुटली तर? रोध अनंत. कॉम्प्युटरला तुटलेली वायर आणि सैबेरिया यांत फरक कळत नाही, तो आपला उणे ४० लिहून मोकळा होतो.

पुन्हा गॅरेज गाठलं. मल्याळी मेकॅनिकनं कनेक्टर नुसता हलवला आणि आकडा ९० वर उडी मारून परत पडला. उष्णतेनं प्लॅस्टिकची खिटी मोडलेली, खाऱ्या दमट हवेनं आतल्या पिना हिरव्या पडलेल्या. त्यानं कनेक्टर कापून दोन वायरींचा नवा जोडला, झाळला, वर स्लीव्ह चढवली. पंधरा मिनिटं. "भाईसाब, ये पहले देखना था," तोच म्हणाला, आणि मजुरी घेईना.

घरी येऊन जुना सेन्सर चहाच्या गरम आधणात सोडला, मल्टिमीटर लावला. तीनशे दहा ओहम. बिचारा ठणठणीत होता.