ठाण्याची जमीन : खाडी, डोंगर आणि भूकंपाचा नकाशा

ठाण्यातील नौपाड्याच्या पूर्वेला ठाण्याची खाडी, खाडीपलीकडे पारसिकचा डोंगर आणि पश्चिमेला येऊरच्या टेकड्या आहेत. या सगळ्या भूभागाखाली दख्खनचा काळा पाषाण पसरलेला आहे. पण तो किती खोलीवर लागेल, हे थोड्याच अंतरात बदलते. खाडीलगत वर मऊ, पाणी धरून ठेवणारी चिकणमाती, तिच्याखाली मुरूम आणि त्यानंतर कातळ. उतारांवर मातीचा थर पातळ असतो आणि कातळ लवकर लागतो.

या जमिनीची पहिली मोठी परीक्षा रेल्वेने घेतली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली गाडी नौपाड्यालगतच्या ठाणे स्थानकात आली, तो प्रवास बहुतेक सपाटीचा होता. कल्याणपर्यंतचा मार्ग १ मे १८५४ रोजी सुरू झाला, पण त्यासाठी खाडीवर दगडी कमानींचा पूल आणि पारसिकच्या सोंडेतून बोगदे करावे लागले. दलदल आणि कातळ, दोन्हींना एकाच मार्गावर तोंड देण्याची ही वेळ होती. मुंब्र्याचा वळसा टाळून सरळ डोंगर भेदणारा, सुमारे १.३ किलोमीटर लांबीचा पारसिक बोगदा १९१६ मध्ये वापरात आला.

कल्याणच्या पुढे सह्याद्री होता. भोर घाटातील मार्ग १८६३ मध्ये आणि कसाऱ्याचा थळ घाट १८६५ मध्ये खुला झाला. भोर घाटाच्या कामावर एका वेळी ४० हजारांहून अधिक मजूर होते आणि साथीच्या रोगांनी त्यांतील असंख्य जण दगावले. या इतिहासात त्यांची नावे नाहीत, याची खंत वाटते. १८६७ च्या पावसाळ्यात याच घाटातील महूकीमळी येथील पूल कोसळला.

घाटात कोसळणाऱ्या दरडींचे मूळ सह्याद्रीच्या रचनेतच आहे. लाव्हाच्या एकावर एक साचलेल्या थरांमध्ये काही ठिकाणी लालसर मातीचे पट्टे असतात. वरच्या झिजलेल्या खडकातून आणि मुरमातून मुरलेले पाणी खालच्या अभेद्य कातळावर अडते, मातीतील पाण्याचा दाब वाढतो आणि उताराची पकड सुटते. पायथा कापला, झाडोरा काढला किंवा ओहोळ बुजवला की हा धोका वाढतो. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गाव असेच गाडले गेले. १५१ जणांचा बळी गेला.

भूकंपाबाबत मात्र बराच काळ गाफीलपणा होता. दख्खनचे पठार स्थिर, ही समजूत इतकी पक्की होती की १९६२ च्या भूकंप नकाशात कोयनेचा परिसर कमी धोक्याच्या गटात दाखवला गेला. ११ डिसेंबर १९६७ रोजी तेथेच सुमारे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. कोयना धरणाला तडे गेले, धरण पुढे आधारभिंती देऊन मजबूत केले गेले आणि १९७० च्या नकाशात तो परिसर अधिक धोक्याच्या चौथ्या विभागात आला. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपानेही तोच धडा दिला. लातूरचा तो भाग तोवर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. २००२ च्या सुधारित नकाशात विभाग चारच उरले आणि त्यात ठाणे व मुंबई तिसऱ्या विभागात दाखवली गेली.

नकाशा शहराचा सरासरी धोका सांगतो. प्रत्यक्ष हादरा किती बसेल, हे इमारतीखालची माती ठरवते: मऊ चिकणमातीत भूकंपाच्या लाटा मोठ्या होतात, कातळावर त्या मानाने कमी. २००१ च्या भुज भूकंपात केंद्रापासून २०० किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतील अनेकींचा तळमजला वाहनांसाठी मोकळा सोडलेला होता. नौपाड्यात जुन्या, बुटक्या इमारतींच्या जागी उंच इमारती येत आहेत आणि गावदेवी मैदानाखाली भूमिगत वाहनतळ झाला आहे. अशा कामात प्रत्येक भूखंडावर बोअरिंग करून कातळाची खोली मोजणे, पाया त्यावर टेकवणे, शेजारच्या जुन्या इमारतीचा आधार न सुटेल अशा बेताने खोदाई करणे आणि वाहनतळाच्या मजल्यावर भूकंपरोधक भिंती देणे आवश्यक ठरते. डोंगराच्या कडेला, कळवा-मुंब्र्याकडे, उताराला आधारभिंत आणि त्या भिंतीमागच्या पाण्याला वाट, ही दोन्ही कामे बरोबरच करावी लागतात.