भायखळ्याचं देरासर आणि मोतीशा शेठची जहाजं



पालिताण्याची यात्रा केलेल्या प्रत्येकीला मोतीशा शेठची टूंक माहीत आहे. साडेतीन हजारांवर पायऱ्या चढून वर पोचलं की पाय थरथरत असतात. तेव्हा आपण कुठे उभ्या आहोत हे लक्षातही येत नाही. ती टूंक उभी आहे तिथे पूर्वी जमीनच नव्हती. शत्रुंजयाच्या दोन शिखरांच्या मधे खोल दरी होती, कुंतासरचा खाडा म्हणत तिला. मोतीशा शेठनी ती दरी भरून काढली आणि वर मंदिरांचं गाव वसवलं. प्रतिष्ठा पाहायला मात्र ते राहिले नाहीत. १८३६ साली ते गेले आणि १८३७ मध्ये त्यांचा मुलगा खीमचंद याने संघ नेऊन प्रतिष्ठा केली.

आम्हा कोकणातल्या बायकांना पालिताणा काही दर वर्षी होत नाही. जयगडहून आधी रत्नागिरी, तिथून रेल्वेने मुंबई, मग पुढे गुजरात. शिवाय चातुर्मासात डोंगर बंद. म्हणून सासूबाईंच्या वेळेपासून आमच्याकडे कार्तिकी पौर्णिमेला जमेल तेव्हा भायखळ्याला जायची रीत आहे. तिथलं आदेश्वर दादांचं देरासरही मोतीशा शेठचंच. पालिताण्याला जाऊ न शकणाऱ्यांनी इथे दर्शन करावं ही मुंबईकरांची जुनी प्रथा. त्या दिवशी गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. भायखळा स्टेशनाच्या पूर्वेला उतरून मोतीशा लेन विचारायची. या गल्लीचं जुनं नाव लव्ह लेन होतं, हे ऐकून आमच्या बरोबरच्या मुली फार हसल्या.

गेल्या खेपेला पुतणी सोबत होती. दर्शन झालं, चैत्यवंदन झालं, आणि बाहेर चपला घालता घालता तिने विचारलं, "काकू, हे एवढं बांधायला शेठकडे पैसे आले कुठून?" मी कॉमर्सची पदवीधर. कोणताही ताळेबंद दिसला की उजवीकडचं वाचून डावीकडे बघायची सवय आहेच. तिला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहिते.

मोतीचंद अमीचंद यांचा जन्म १७८२चा. घराणं खंभातचं. वडील अमीचंद साकरचंद मुंबईत येऊन जवाहिराच्या धंद्यात स्थिरावले होते. मोतीशांनी धंदा समुद्रावर नेला, स्वतःची जहाजं केली. १८१८च्या सुमारास तिघांची भागीदारी जमली: पारशी जमशेटजी जीजीभाई, आपले मोतीशा, आणि मोहम्मद अली रोगे. हे रोगे कोकणी मुसलमान, नाखुद्यांच्या घराण्यातले. तीन धर्मांची माणसं एका वहीत. मुंबईची जडणघडण ही अशी आहे, आणि त्यात आपल्या कोकणाचाही वाटा आहे, हे मला आवडतं.

जहाजांत भरायचे काय? कापूस भरपूर. आणि अफू.

माळव्यात पिकलेली अफू मुंबईला यायची आणि पेट्यांत भरून चीनला जायची. एका पेटीत सुमारे ६० किलो माल. चीनच्या बादशहाने तिच्यावर पहिली बंदी घातली ती १७२९ सालीच, पुढे आयातही बंद केली. त्यामुळे माल कँटनच्या बंदरात उघडपणे उतरत नसे. लिंटिन नावाच्या बेटापाशी जहाजं नांगर टाकत आणि तिथून चिनी चोरट्या होड्या पेट्या नेत. इंग्रज कंपनी चतुर. आपल्या जहाजांवर अफू चढवायची नाही, पण परवाने आणि कर मात्र घ्यायचे. १८३१ नंतर माळव्याच्या अफूवर रीतसर कर बसवून तिला मुंबईचा रस्ता मोकळा केला. जोखीम व्यापाऱ्याची आणि वसुली सरकारची, असा तो हिशेब.

नैऋत्येच्या वाऱ्यावर ही जहाजं निघत आणि ईशान्येच्या वाऱ्यावर परतत. चीनला जायचं म्हणजे आधी दक्षिण गाठायची, म्हणजे आमच्याच किनाऱ्याला समांतर. जयगडच्या किल्ल्यावर उभं राहिलं की शास्त्रीच्या खाडीचं तोंड आणि पुढे उघडा समुद्र दिसतो. आज तिथे कोळशाची जहाजं येतात. दोनशे वर्षांपूर्वी शिडांची रांग क्षितिजावरून जात असेल तेव्हा किनाऱ्यावरच्या बाईला पेटीत काय आहे ते कसं कळणार? पेढीवर बसलेल्याला मात्र ठाऊक होतं.

आता आपल्या घरात या. आपण खसखस खात नाही. बहुबीज म्हणून अभक्ष्यात धरतो. दिवाळीत शेजारणीकडच्या अनारशांना खसखस लावलेली असते, आपण आपल्या घरी तीळ लावतो किंवा अनारसे करतच नाही. खसखस ज्या बोंडातून निघते त्याच बोंडाला चिरा देऊन अफूचा चीक काढतात. एवढं पाळणारा समाज आपला. आणि प्रतिक्रमणात वंदित्तु म्हणताना सातव्या व्रतात आपण पंधरा कर्मादानांची नावं घेतो. श्रावकाने करू नयेत असे हे धंदे. दंत, लाक्षा, रस, केश आणि विष, असे पाच वाणिज्य त्यात येतात. विषवाणिज्य म्हणजे काय, हे पाठशाळेत विचारलं तर मुली सांगतात, सोमल, झुरळाचं औषध, हत्यारं. अफूचं नाव कोणी घेत नाही.

याला उत्तरं तयार असतात, मी ती सगळी ऐकली आहेत. तेव्हा अफू औषध होती. खरंच होती. आपल्याकडे रडणाऱ्या बाळाला अफूची बाळगोळी देऊन आई शेतावर जायची, ही काही फार जुनी गोष्ट नाही. पण औषधासाठी लिंटिनला रात्री होड्या येत नाहीत. दुसरं उत्तर, सगळेच करत होते. तेही खरं. इंग्रज, पारशी, मारवाडी, गुजराती, गोव्याचे ख्रिस्ती, सगळे. पण व्रत घेताना आपण "सगळे करत नसतील तर" असं म्हणून घेत नाही. तिसरं उत्तर मला त्यातल्या त्यात पटतं. पेढीचा गल्ला एकच असतो. जवाहीर, कापूस, जहाजाचं भाडं, अफू, सगळं एकत्र. त्यातला कुठला रुपया देरासराच्या कुठल्या दगडात गेला हे कुठलाही ऑडिटर वेगळं काढू शकणार नाही. अर्थात हे उत्तर दोन्ही बाजूंनी लागू पडतं.

भायखळ्याची प्रतिष्ठा विक्रम संवत १८८५च्या मार्गशीर्षातली, म्हणजे इंग्रजी १८२८ संपता संपताची. धंदा ऐन भरात होता.

आणि याच माणसाची दुसरी बाजूही तेवढीच खरी. १८३२च्या जूनमध्ये मुंबईत पोलिसांनी भटकी कुत्री मारायला सुरुवात केली. पारशी समाज रस्त्यावर उतरला, दुकानं बंद झाली, दंगल झाली. तिच्यानंतर दोन वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी आणि मोतीशा यांच्या पुढाकाराने भुलेश्वरला पांजरापोळ उघडली. नुसती देणगी देऊन ते थांबले नाहीत. व्यापाऱ्यांनी आपापल्या मालावर लागा बसवून घेतला, म्हणजे दर वर्षी चारापाणी चालू राहील. दान टिकतं ते अशा व्यवस्थेने, हे मी प्रत्येक महिला मंडळाच्या मीटिंगमध्ये सांगत आले आहे. ती पांजरापोळ आजही चालू आहे. मुंबईत गेलात तर गाईला चारा घालायला आपण तिथेच जातो.

मुंबईच्या कुत्र्याबद्दल ज्याचं काळीज हललं, त्याला कँटनच्या माणसाबद्दल काय वाटत होतं? मला वाटतं, अंतर हेच कारण असावं. भुलेश्वरचं जनावर डोळ्यांसमोर तडफडत होतं. चिलीम ओढून पडलेला चिनी आणि त्याची घरी बसलेली बायको हे लांबच्या समुद्रप्रवासापलीकडे होते, आणि पेढीवर येत होती ती फक्त हुंडी. शेठ गेल्यानंतर तीन वर्षांनी, १८३९च्या जूनमध्ये, लिन झेशू नावाच्या अधिकाऱ्याने २० हजारांहून जास्त पेट्या जप्त करून चुन्यामिठाच्या पाण्यात बुडवून नष्ट केल्या. त्यावरून इंग्रजांनी चीनशी युद्ध केलं, ते १८४२ पर्यंत चाललं. त्या पेट्यांत मुंबईच्या व्यापाऱ्यांचा माल मोठा होता आणि नुकसानभरपाईसाठी त्यांनी अर्ज केले. माफीचा अर्ज कोणी केल्याचं माझ्या वाचनात नाही.

पुतणीने मग विचारलं, "तर आपण इथे यायचं नाही का?" मी म्हटलं, येऊ की. आदेश्वर दादा शेठच्या मालकीचे नव्हते. शेठही म्हणाले नसते तसं. पण त्यांची कथा सांगताना दरी भरल्याचं सांगायचं, पांजरापोळीचं सांगायचं आणि पेट्यांचंही सांगायचं. पाठशाळेत मी आता विषवाणिज्याच्या ठिकाणी अफू सांगते, आणि गुटख्याची एजन्सी हाही शब्द घालते. त्यावर एका घरातून नाराजीचा निरोप आला. माझा शब्द मी तसाच ठेवला आहे.

यंदा कार्तिकीला आमच्याकडून चौघी-पाच जणी निघणार आहोत. कोकणातून कुणाला यायचं असेल तर रात्रीची गाडी धरा, दादरला उतरून लोकलने भायखळा. नवकारशी पाळणाऱ्यांनी पाणी सोबत ठेवा, गर्दीत वेळ टळून जाते. आणि पहाटे पाचच्या आत रांगेत लागा.