मीठ नव्हे, गवत

एकच कर एकाला रास्त वाटतो आणि दुसऱ्याला जाच, असं का होतं? त्यासाठी आपण 1930 सालच्या पुसदला जाऊ. 6 एप्रिलला गांधीजींनी दांडीला मीठ उचललं. पण यवतमाळ जिल्ह्यात समुद्र कुठला? मग कायदा मोडायचा तो कोणता? इथं निवड झाली गवताची. 10 जुलैला मूळचे वणीचे असलेले लोकनायक बापूजी अणे यांच्या नेतृत्वाखाली पुसदला जंगल सत्याग्रह झाला. राखीव जंगलातलं गवत कापलं गेलं आणि अण्यांना अटक झाली.

सरकारी बाजू अशी, की जंगल राखायला खर्च येतो आणि चराई मोकळी सोडली तर जंगल उरणार नाही. हे म्हणणं आपण हसण्यावारी नेऊ नये. पण शेतकऱ्याकडून पाहा. बैलाशिवाय कापसाची पेरणी नाही, चाऱ्याशिवाय बैल नाही. आणि त्या चाऱ्यावरची फी ठरवताना त्याला कुणी विचारलंच नव्हतं. आम्हाला वाटतं, खरं भांडण इथंच होतं. म्हणून कराचा विषय निघाला की दर किती, एवढ्यावर थांबू नका. तो ठरवला कुणी, हेही विचारा.