पिकअप गाडीतील आवाज : क्लच ते मागचे चाक

इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत पोचवणाऱ्या भागांत, म्हणजे क्लच, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट, डिफरन्शिअल, एक्सल आणि हब यांत, झीज, ढिलेपणा किंवा तेलाच्या कमतरतेमुळे उमटणारे आवाज व त्यांवरून दोष शोधण्याची रीत. बाजार समितीत कांदा-टोमॅटो आणणाऱ्या पिकअप आणि टाटांचा 2005 साली आलेला ‘छोटा हत्ती’ यांत इंजिन पुढे व चाल मागच्या चाकांना असते. ही नोंद अशा गाड्यांपुरती आहे.

आवाज कसा येतो यापेक्षा तो कशाने बदलतो, हे निदानात जास्त मोलाचे. घरघर हबच्या बेअरिंगची असू शकते, डिफरन्शिअलमधल्या क्राउन-पिनियन गिअरची असू शकते, नुसत्या टायरचीही असू शकते. त्यात लोखंडी चासी आवाज लांबवर नेते, त्यामुळे मागचा दोष चालकाला पायाखाली ऐकू येतो. म्हणून पाना हाती घेण्याआधी गाडी चालवून पाहावी. सपाट, मोकळ्या रस्त्यावर ज्या वेगाला आवाज येतो तो वेग गाठून क्षणभर न्यूट्रल करावे. घाटात उताराला हा प्रयोग कधीही करू नये. इंजिन मंदावूनही घरघर तशीच राहिली, तर दोष बहुधा शाफ्टपासून मागे आहे.

क्लच-गिअरबॉक्सची परीक्षा उभ्या गाडीतच होते. न्यूट्रलमध्ये पेडल दाबल्यावर आवाज सुरू झाला तर रिलीज बेअरिंग, पेडल दाबल्यावर थांबला तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे बेअरिंग, असा पहिला संशय घ्यावा.

प्रोपेलर शाफ्ट चाकापेक्षा कितीतरी वेगाने फिरतो. टायरचा घेर सुमारे 2.1 मीटर आणि डिफरन्शिअलचे गुणोत्तर 4 धरले, तर ताशी 40 किलोमीटरला चाक सेकंदाला सुमारे 5 फेरे घेते, शाफ्ट 21. चाकाच्या फेऱ्याशी जुळणारी संथ धडधड आणि शाफ्टची जलद थरथर यांतला फरक सरावलेल्या कानाला इथेच कळतो. शाफ्टच्या सांध्यातील क्रॉसमधले ग्रीस संपले की सुरुवातीला हळू चालवताना चिमणीच्या चिवचिवाटासारखा आवाज येतो. वेग वाढला की तो इतर आवाजांत बुडतो, आणि इथेच दुर्लक्ष होते. पुढे रिव्हर्स टाकताना ‘टक्’ असा ठोका बसू लागतो. खाली पाहिले तर क्रॉसच्या टोपीभोवती तांबूस गंजाची पूड दिसते. चाकांना दोन्ही बाजूंनी ओट लावून, गिअर न्यूट्रल ठेवून शाफ्ट हाताने हलवावा. क्रॉसमध्ये खेळ जाणवला तर तो बदलायलाच हवा. तुटलेल्या क्रॉसमुळे शाफ्टचे पुढचे टोक रस्त्यावर आपटले, तर अपघात भयंकर होतो. क्रॉस बदलताना शाफ्टचे दोन भाग सुटे करण्याआधी रंगाची खूण करावी. एका दाताचा फरक पडला तरी दोन्ही टोकांचे योक एका रेषेत राहत नाहीत आणि नव्या क्रॉसनिशी गाडी थरथरते. आवाज फक्त माल भरल्यावर येत असेल, तर स्प्रिंगचे पाटे दबून शाफ्टचा कोन बदलतो, हे ध्यानात घ्यावे. दोन तुकड्यांच्या शाफ्टमध्ये उचल घेताना हादरा बसला, तर सेंटर बेअरिंगचे रबर तपासावे.

डिफरन्शिअलचा आवाज अॅक्सिलरेटरशी बांधलेला असतो. दाबल्यावर हुंकार येणे आणि सोडल्यावर तो बदलणे, ही क्राउन-पिनियनची किंवा पिनियन बेअरिंगची खूण. फक्त वळणावर कटकट आली तर आतले छोटे गिअर पाहावेत. खोलण्याआधी तेल काढून पाहावे. ड्रेन प्लगच्या चुंबकाला बारीक राखाडी लेप चालतो. बोटांना टोचणारे कण चालत नाहीत. तेल दुधाळ असेल तर पाणी शिरले आहे. कोकणात पावसाळ्यात ओढ्यातून गाडी काढली की तापलेले हाउसिंग एकदम थंड होते, आतली हवा आकसते आणि ब्रीदर किंवा सीलवाटे पाणी ओढले जाते. मोसमानंतर हे तेल पाहण्यात कसूर करू नये. क्राउन आणि पिनियन जोडीनेच बदलतात. एकच नवा टाकला तर दात नीट बसत नाहीत आणि हुंकार परत येतो.

हब बेअरिंगच्या घरघरीवर गिअर किंवा क्लचचा परिणाम होत नाही, गाडीचा कल बदलल्याचा होतो. हलके उजवीकडे वळताना भार डाव्या चाकावर येतो; तेव्हा आवाज वाढला तर बहुधा डावे हब दोषी. जॅकवर चाक उचलून फिरवताना पाट्यावर हात ठेवला तर खरखर हाताला जाणवते. डांबरीवरून काँक्रीटवर गेल्यावर आवाजाची जात बदलत असेल, तर मात्र टायर आधी तपासावेत. असमान झिजलेल्या टायरचा हुंकार डिफरन्शिअलसारखाच वाटतो. मागची-पुढची चाके अदलाबदल करून गाडी पुन्हा त्याच रस्त्यावर न्यावी. आवाज चाकांबरोबर पुढे आला, तर डिफरन्शिअलला हात लावायची गरज नाही.