कूलंट वारंवार कमी होतोय? आधी गळती शोधा

मुंबईत बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला, असा अनेकांचा समज असतो. पण कूलंटमुळे पाणी लवकर उकळत नाही आणि इंजिन आतून गंजत नाही. घाटकोपर-मुलुंडच्या एलबीएस मार्गावर किंवा अंधेरी-बोरिवली महामार्गावर गाडी कोंडीत अडकली की रेडिएटरला समोरून वारा मिळत नाही, सगळा भार पंख्यावर येतो. त्यात कूलंट कमी असेल तर इंजिन तापते.

कूलंट कसा भरावा?
• गाडी सपाट जागी उभी करून इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. गरम असताना झाकण उघडल्यास उकळता कूलंट उसळून भाजू शकते.
• टाकीवरील ‘मिन’ आणि ‘मॅक्स’ खुणांमध्ये पातळी ठेवा.
• गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या प्रकारचाच कूलंट वापरा. तो कॉन्सन्ट्रेट असेल तर सांगितलेल्या प्रमाणात डिस्टिल्ड वॉटर मिसळा.

गळती कशी ओळखावी?
• रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवा. रंगहीन, बिनवासाचे पाणी बहुधा एसीचे असते. हिरवा, गुलाबी किंवा निळसर चिकट डाग कूलंटचा असतो.
• रेडिएटर, होस पाइप, क्लिप आणि वॉटर पंपजवळ ओल किंवा सुकलेले डाग पाहा.
• बाहेर थेंबही नाही, तरी पातळी घटते? सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर किंवा ऑइल दुधाळ दिसल्यास हेड गॅस्केटचा संशय घ्या. गाडी न चालवता टो करून गॅरेजला न्या.

सांडलेला कूलंट लगेच पुसा. इथिलीन ग्लायकॉल गोड लागते, पण विषारी असते. सोसायटीतील कुत्र्या-मांजरांसाठी ते जीवघेणे ठरू शकते.